काळ्याखालचा लाल : पिएर सुलाज यांच्या चित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मी रविवारी चित्रकलेचा वर्ग घेते. वर्गाच्या भिंतीवर फ्रेंच चित्रकार पिएर सुलाज यांच्या एका चित्राची छापील प्रत लावली आहे. जाड काळे पट्टे, काही उभे, काही आडवे, आणि त्यांच्यामधून धगधगणारा लाल. नवीन आलेला प्रत्येक जण त्याबद्दल एकदा तरी विचारतोच. मुलांना सोडायला आलेले पालक तर जरा जास्तच. तीच तीच उत्तरं देऊन पाठ झाली, म्हणून शेवटी लिहून काढली. क्रम काही ठरवून लावलेला नाही. लोक साधारण ज्या क्रमाने विचारतात, तसाच ठेवला आहे.

हे नक्की काय काढलंय?

कुणाला खिडकीचे गज दिसतात, कुणाला होळीतलं अर्धवट जळलेलं लाकूड. एका आजोबांना त्यांच्या वाड्याच्या तुळया दिसल्या होत्या, वाडा पाडला त्या दिवशीच्या. यातलं कुठलंच उत्तर चुकीचं म्हणून मी खोडत नाही. पण चित्रकाराने यातलं काहीही काढलेलं नाही. त्याने रंग लावला आणि रंग खरवडला, बस्स.

लहानपणी सुलाज यांच्या घरासमोर एका हॉस्पिटलची भिंत होती आणि तिच्यावर डांबराचा एक डाग होता. पोराला तो डाग फार आवडायचा, नुसता डाग म्हणून. कडेचे शिंतोडे, मधला सपाट भाग, दगडाच्या खडबडीत अंगावर चिकटलेलं डांबर. एके दिवशी जरा लांबून बघितलं तर तिथे चक्क कोंबडा दिसला, तुरा-शेपटीसकट. जवळ गेल्यावर कोंबडा गायब आणि डाग जागेवर. मोठेपणी ही गोष्ट सांगताना त्यांचा कल स्पष्ट असायचा. त्यांना हवा होता तो डाग. कोंबडा नव्हे.

चित्रकार कोण? नावाचा उच्चार काय?

पिएर सुलाज. शेवटचं अक्षर फ्रेंचमध्ये ज आणि श यांच्या मधलं काहीतरी असतं. आपल्या लिपीत ते नेमकं बसत नाही, म्हणून मी ‘सुलाज’ लिहिते. ‘सोलेजेस’ म्हणू नका, एवढंच.

जन्म २४ डिसेंबर १९१९, फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या आव्हेरों भागातलं रोदेझ गाव. वडील गाड्यांचे सांगाडे बनवणारे कारागीर. पिएर पाच वर्षांचा असताना ते गेले, आणि आई व मोठ्या बहिणीने त्याला वाढवलं. १९३८मध्ये शिकायला पॅरिसला गेले, तिथल्या नामवंत कलाशाळेत प्रवेशही मिळाला, पण तिथलं शिक्षण बघून निराश झाले आणि सरळ गावी परतले. त्याच मुक्कामात सेझान आणि पिकासो यांची प्रदर्शनं मात्र बघून घेतली. युद्धाच्या काळात खोट्या कागदपत्रांवर माँपेलिएजवळ द्राक्षमळ्यात राबले. १९४६मध्ये पॅरिसच्या कडेला बिऱ्हाड थाटलं आणि पूर्ण वेळ चित्रं सुरू केली. मृत्यू ऑक्टोबर २०२२मध्ये, १०२व्या वर्षी.

पत्नी कोलेत. दोघांचं लग्न १९४२मध्ये सेत इथे मध्यरात्री झालं आणि दोघंही काळ्या कपड्यांत होते. हे सांगितलं की वर्गातल्या आया हमखास ‘अगंबाई’ म्हणतात.

काळ्या चौकटी आखून मधल्या जागेत लाल भरलाय ना?

नाही! आणि सगळी मेख इथेच आहे. मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायची परवानगी असती, तर मी हाच निवडला असता.

आपल्याला शाळेपासून सवय लागते ती अशी : आधी बाह्यरेषा, मग आत रंग. रांगोळीतही तेच, आधी रेघा आणि मग रंग भरायचा. त्यामुळे काळ्या रेघेच्या शेजारी लाल दिसला की आपण गृहीतच धरतो की रेघ आधी आली आणि लाल नंतर. सुलाज यांच्या साधारण १९५७ ते १९६३ या काळातल्या चित्रांत क्रम बरोबर उलटा आहे. आधी कॅनव्हासवर रंग. लाल, निळा, गेरू, किंवा तपकिरीकडे झुकणारा पिवळा. त्यावर काळा, चांगला जाड. आणि मग तो काळा ओला असतानाच रुंद, ताठ पात्याने एका झटक्यात ओढून काढायचा. पातं जिथून गेलं तिथला काळा उठतो आणि खालचा रंग वर येतो. तो लाल लावलेला नाही, उघडा केलेला आहे.

बासुंदी आटवून झाली की कढईला जी खरवड धरते, ती उलथन्याने काढताना काय होतं आठवा. जोर लावला तिथे कढईचं पितळ लख्ख दिसतं, हात जरा सैल पडला तिथे पातळ पापुद्रा राहतो, आणि उलथनं थांबलं तिथे एक जाड वळी साचते. सुलाज यांचा पट्टा जवळून बघितला तर तस्साच आहे.

हे मी रोदेझच्या संग्रहालयात नाक कॅनव्हासला लागेल इतक्या जवळून बघितलं आहे. रखवालदार दोनदा खाकरला. पातं जिथे टेकलं तिथे रंगाची आडवी कड उभी होती, बोटभर लांब, चांगली टणक. तिथून पुढे काळा पातळ होत गेला : आधी काळपट जांभळा, मग मातकट लाल, मग थेट कुंकवासारखा. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना काळा सरून कड तयार झाली होती, नांगराच्या तासाच्या दोन्ही अंगांना माती सरते तशी. हाताचा दाब कमी झाला असणार तिथे लाल पुन्हा विझला. एका पट्ट्यात लालाच्या सातआठ छटा होत्या, आणि त्यासाठी डब्यातून निघाले होते दोनच रंग. लाल आणि काळा.

म्हणून मी मुलांना सांगते, मधला भाग बघू नका, कडा बघा. आधी काय आलं आणि नंतर काय, ते कडेवरच कळतं. काळा लालावर चढलेला आहे की लाल काळ्यावर? एकदा हे हेरलं की ते चित्र पुन्हा ‘रंग भरलेल्या चौकटी’सारखं दिसूच शकत नाही.

इतके जाड पट्टे कुठल्या ब्रशने काढले?

चित्रकलेच्या दुकानातल्या ब्रशने नव्हे. सुलाज वाढले त्या गल्लीत कारागिरांची दुकानं होती, आणि हत्यारांची ओढ त्यांना तिथूनच लागली. घर रंगवणाऱ्या रंगाऱ्याचे रुंद ब्रश, भिंतीला लांबी (म्हणजे पुट्टी) भरायची पत्ती, बुटाच्या तळव्याच्या चामड्याचे तुकडे, पुस्तकबांधणीची अवजारं, आणि हवं ते बाजारात मिळालं नाही तर स्वतः बनवलेली पाती. आपल्याकडच्या एखाद्या रंगाऱ्याला त्यांच्या स्टुडिओत उभं केलं असतं तर निम्मी हत्यारं त्याने नावानिशी ओळखली असती.

रंगाचंही तसंच. १९४६-४७च्या सुमाराला कागदावर त्यांनी जे काढलं ते अक्रोडाच्या रंगाने. अक्रोडाच्या कवचावरची जी हिरवी गरदार साल असते, तिच्यापासून गडद तपकिरी रंग निघतो. सुतार लाकडाला रंग द्यायला तो वापरत. आपल्याकडे परीट कपड्यांवर बिब्ब्याने खूण करायचे, ती धुतली तरी जायची नाही. अक्रोडाचा डागही त्याच जातीचा हट्टी. दाट लावला तर जवळजवळ काळा, पाणी घातलं की मधासारखा पारदर्शक. तपकिरीच्या या दोन टोकांमध्येच त्यांचं सगळं पुढचं काम बीजरूपाने आहे असं मला वाटतं.

१९४८मध्ये त्यांनी काचेवर डांबराने चित्रं काढली. पॅरिसच्या एका रेल्वे स्टेशनच्या काचेच्या छपरावर फुटलेल्या काचा डांबर फासून सांधलेल्या होत्या आणि मागून उजेड येत होता, ते बघून सुचलेलं. बघा, डांबर पुन्हा आलंच!

चित्राला नाव का नाही?

आहे की. ‘चित्र, १९५ × १३० सेंमी, ४ ऑगस्ट १९६१’. आधी उंची, मग रुंदी, मग तारीख. त्यांच्या सगळ्या चित्रांची नावं अशीच असतात. ‘वादळ’ किंवा ‘वेदना’ असं नाव दिलं असतं तर तुम्ही वादळ शोधत बसला असता. सातबाराच्या उताऱ्यासारखं कोरडं नाव दिलं की बघण्याशिवाय गत्यंतर उरत नाही.

हे चिनी किंवा जपानी अक्षर आहे का?

नाही. समीक्षकांनी ही तुलना पुष्कळ केली. आपल्याला तर आपलीच लिपी दिसते : वरचा आडवा पट्टा म्हणजे शिरोरेषा, खालचे उभे म्हणजे काने. पण अक्षर लिहिताना हाताचा एक प्रवास असतो आणि वाचणाराही त्या प्रवासाबरोबर जातो. सुलाज यांना तो प्रवास नको होता. सगळे पट्टे मिळून एकाच नजरेत पकडता यावेत, असा त्यांचा प्रयत्न होता.

अमेरिकेचे फ्रांझ क्लाइन असंच काढायचे ना? कुणी कुणाचं उचललं?

कुणीच नाही. हा वाद न्यूयॉर्क विरुद्ध पॅरिस अशा भांडणातून आला, आणि त्यात चित्रांपेक्षा अभिमान जास्त होता. तारखाच बघायच्या तर सुलाज यांची जाड गडद पट्ट्यांची कामं १९४७पासूनची आहेत. त्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी चित्रं लावली तेव्हा भोवतीच्या रंगीबेरंगी कॅनव्हासांत ती एकदम वेगळी पडली. म्हातारे चित्रकार पिकाबिया ती बघून म्हणाले होते, या वयात असं करतोयस म्हणजे तुला लवकरच भरपूर शत्रू मिळणार. क्लाइन यांचं पहिलं एकल प्रदर्शन न्यूयॉर्कला ईगन गॅलरीत १९५०मध्ये झालं.

पण तारखांपेक्षा पद्धत बघा. क्लाइन टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांवर छोटी रेखाटनं करायचे आणि त्यातलं एखादं निवडून मोठ्या कॅनव्हासवर न्यायचे. त्यांचा पांढराही रंगवलेला असतो, काळ्याच्या अंगावर चढलेला. दोघांत ढकलाढकली चाललेली असते. सुलाज यांच्याकडे काळा वर आणि उजेड खाली, अशी थरांची रचना. शेवटच्या काही वर्षांत क्लाइन यांनीही रंग आणला. माझ्या मते त्यांना तो तितकासा पेलला नाही. हे मत माझं, वाद घालायचा तर रविवारी या.

काळ्या रेघा आणि मध्ये रंगीत उजेड, म्हणजे चर्चच्या रंगीत काचांसारखं?

फ्रेंच चित्रकार जॉर्ज रूओ यांच्याबाबत हे म्हणता येतं. ते तरुणपणी रंगीत काचांच्या कारागिराकडे उमेदवारी करत होते आणि त्यांच्या चित्रांतली जाड काळी रेघ शिशाच्या पट्टीची आठवण करून देते. पण त्यांच्या चित्रांत माणसं आहेत : विदूषक, राजे, ख्रिस्त.

सुलाज यांच्या बाबतीत मात्र गंमत उलटी झाली. रोदेझपासून जवळच काँक गावात जुनं रोमनेस्क धाटणीचं मठ-चर्च आहे, सेंत फोय. शाळकरी वयात ते तिथे गेले आणि चित्रकार व्हायचं मनाने घेतलं ते तिथेच, असं ते सांगत. १९८०च्या दशकात त्याच चर्चच्या खिडक्यांचं काम त्यांच्याकडे आलं. एकूण १०४ खिडक्या, आणि १९९४मध्ये काम संपलं. आता रंगांची आतषबाजी बघायला मिळणार म्हणून जाल तर तिथे एकही रंगीत काच नाही. दुधट, आरपार न दिसणारी रंगहीन काच आणि काळ्या पट्ट्यांच्या वाहत्या रेघा. तशी काच मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं प्रयोग केले. सकाळी काच निळसर दिसते, उतरत्या उन्हात नारिंगी होते. रंग बाहेरच्या उजेडाचा, काच फक्त त्याला गाळते.

आपल्या गायतोंड्यांची चित्रं अशीच नाहीत का? आणि रझा?

गायतोंड्यांचं नाव निघालं की मला बरं वाटतं. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४चा, नागपूरचा. घराणं गोव्याकडचं, शिक्षण मुंबईत जे. जे. मध्ये. साठच्या दशकापासून ते रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून थर चढवायचे आणि काढायचे. म्हणजे चढवण्याइतकंच काढण्याला महत्त्व, हे दोघांतलं साम्य खरं आहे. यापलीकडे ताणू नये. सुलाज यांचं पातं म्हणजे एक ठाम कृती असते, झाली की झाली. गायतोंड्यांचा पृष्ठभाग पहाटेच्या धुक्यासारखा, कुठून सुरू झाला ते कळतच नाही. काळे पट्टे तर त्यांच्याकडे शोधूनही सापडायचे नाहीत. एकाने दुसऱ्याचं घेतलं असं मी म्हणणार नाही आणि तुम्हीही म्हणू नका.

सय्यद हैदर रझा हे आधी नागपूरच्या कलाशाळेत आणि मग जे. जे. मध्ये शिकलेले. ऑक्टोबर १९५०मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला पोचले. म्हणजे सुलाज यांचं पहिलं एकल प्रदर्शन १९४९मध्ये भरलं, त्याच्या पुढच्याच वर्षी. मुंबईहून गेलेला तरुण ज्या शहरात उतरला, तिथल्या गॅलऱ्यांच्या भिंतींवर तेव्हा हे काळे पट्टे ताजे होते. रझांचा काळा पुढे बिंदू झाला, सगळ्या रंगांचं बीज असलेला. सुलाज यांच्या काळ्याला असं काही तत्त्वज्ञान चिकटवलं की ते वैतागायचे.

मग पुढे त्यांनी लाल सोडून नुसता काळाच का धरला?

१९७९च्या जानेवारीत ते एका कॅनव्हासवर तासन्‌तास झगडत होते. काळा सगळीकडे पसरला, खालचं काहीच उरलं नाही, चित्र बिघडलं असं वाटून ते झोपायला गेले. परत येऊन बघतात तर सगळा काळाच, पण त्या काळ्यावरच्या चरांवर उजेड पडून परावर्तित होत होता. गुळगुळीत भाग आरशासारखा, चरांचा भाग मंद. म्हणजे आपण काळा रंग वापरत नसून काळ्यावरून परतणारा उजेड वापरतोय, असं त्यांच्या ध्यानात आलं. त्याला त्यांनी पुढे ‘उत्रनुआर’ असा शब्द घडवला. ‘काळ्यापलीकडचं’ असा अर्थ घ्या, जसं समुद्रापलीकडचा मुलूख म्हणतो तसं. पुढची चाळीसहून जास्त वर्षं ते त्या मुलखातच राहिले.

मला स्वतःला विचाराल तर मला लालाचीच वर्षं आवडतात. उत्रनुआर बघून माणूस गप्प होतो, पण लालासमोर मात्र माझ्या पोटात काहीतरी हलतं.

हे उलटं लावलं तरी काय फरक पडेल?

हा प्रश्न विनोदाने विचारतात, पण माझ्या बाबतीत घडलंय. वर्गातली प्रत फ्रेम करायला दिली होती. नाव घेत नाही, माणूस चांगला आहे. आणायला गेले तर चित्र आडवं करून, काचेसकट ठोकून तयार. “मॅडम, आडवं जास्त भरतं भिंतीवर.” मी दोन मिनिटं बघत राहिले. उभ्या चित्रात जे पट्टे एखाद्या भाराखाली तोलून उभे होते ते आडवे पडून झोपले होते. वजनच गेलं होतं. फरक पडतो तो असा. पुन्हा सोडवून घेतली, पैसे दोनदा गेले, आणि कोपऱ्याला एक सुरकुती आली ती अजून आहे.

याला किती पैसे पडतात?

वर ज्या १९६१च्या चित्राचं नाव दिलं ते, काळ्याखाली लाल असलेलं, नोव्हेंबर २०२१मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात दोन कोटी डॉलरच्या वर गेलं. चित्रकार तेव्हा हयात होते, १०१ वर्षांचे. यापुढे मला किमतीतलं काही कळत नाही.

माझा मुलगाही असं काढेल.

काढू दे की! पुढचं उत्तर वाचून सामान आणा. एक सांगते, सुलाज यांना जे चित्र पटायचं नाही ते ते जाळून टाकायचे. तुमच्या मुलाने काढलेल्या दहांतली नऊ जाळायला तुम्ही तयार आहात का? मुलं नसतात. आया तर त्याहून नसतात.

घरी करून बघायचं तर काय लागेल?

दहा बाय बाराचा कॅनव्हास बोर्ड, तैलरंगाच्या दोन ट्यूब (एक लाल, एक काळी), थोडं टर्पेंटाइन, आणि हार्डवेअरच्या दुकानातली तीन इंची लांबीपत्ती. काच पुसायच्या वायपरचं रबर कापून घेतलंत तरी चालेल. त्याची खरवड जरा मऊ येते.

लालाचे दोन हात मारा, टर्पेंटाइन घालून पातळ. पहिला सुकल्यावर दुसरा. मग थांबा. हीच पायरी सगळे चुकवतात. बोट लावल्यावर रंग अजिबात लागणार नाही इतका लाल सुकायला हवा. पुण्याच्या उन्हाळ्यात आठवडाभर, पावसाळ्यात किती ते पावसाला विचारा. लाल कच्चा असेल तर काळा ओढताना दोन्ही मिसळतात आणि चॉकलेटी चिखल होतो. खालचा थर तेलाला कमी आणि वरचा तेलाला जास्त, हा जुना नियम इथे पाळावाच लागतो, नाहीतर वरचा थर पुढे भेगाळतो. हस्तिदंती काळा (ट्यूबवर ‘आयव्हरी ब्लॅक’) मुळातच तेल जास्त खातो आणि सावकाश सुकतो, त्यामुळे तो वर असणं सोयीचंच.

मग काळा, श्रीखंडाइतका दाट, पत्तीनेच पसरा. आणि आता पत्ती साधारण तिरकी धरून एकदाच ओढा. एकदाच. खांद्यातून, मनगटातून नाही. जमलं नाही म्हणून त्याच जागेवरून पुन्हा फिरवलीत की कडा मरतात आणि ते भिंतीची लांबी केल्यासारखं दिसतं. माझ्या वर्गात आतापर्यंत हे पहिल्या झटक्यात नीट जमलेली एकच मुलगी आहे, आणि तिचे वडील टाइल्स बसवायचं काम करतात. तिने घरी बघितलेलं होतं.

अॅक्रिलिकने करायचं तर काळा सुकायला लागण्याआधी फक्त काही मिनिटं मिळतात. पंखा बंद ठेवा.

जुनी चित्रं टिकली आहेत का? इतके जाड थर पडत नाहीत का?

१९५९-६०च्या सुमाराच्या काही चित्रांत वरचा थर खालून सुटायला लागल्याचं आढळलं आणि जतन करणाऱ्या तज्ज्ञांनी त्यावर बराच अभ्यास केला. तेव्हा ‘तेलाचा नियम’ म्हणजे बाईंची कटकट, असं समजू नका.

खरी चित्रं कुठे बघायला मिळतील?

सगळ्यात जास्त रोदेझला. तिथलं सुलाज संग्रहालय २०१४मध्ये उघडलं. दांपत्याने आपलीच सुमारे पाचशे कामं दिली होती, त्यात अक्रोडाच्या रंगातले कागदही आहेत. इमारत गंजल्यासारख्या दिसणाऱ्या पोलादाची, चौकोनी खोक्यांची. बाहेरून बघून एक मराठी काका म्हणाले होते, “रंग द्यायचा राहिलाय वाटतं.” तिथून पुढे काँकला जाऊन खिडक्या बघाव्यात, शक्यतो सकाळी आणि संध्याकाळी, दोनदा. माँपेलिएच्या फाब्र संग्रहालयात त्यांच्यासाठी वेगळं दालन आहे. पॅरिसचं पाँपिदू केंद्र, लंडनची टेट, न्यूयॉर्कचं गुगेनहाइम यांच्या संग्रहांतही चित्रं आहेत, पण भिंतीवर त्या दिवशी लावलेलं असेलच असं नाही. निघण्याआधी चौकशी करा.

मुंबईत थरांचा आणि खरवडण्याचा अंदाज घ्यायचा असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रह आहे. त्यात गायतोंडे आणि रझा दोघंही आहेत. तिथेही कडाच बघा.

मोबाइलवर बघितलं तर चालणार नाही का?

ओळख होण्यापुरतं चालेल. पण पडद्यावर काळा एकच असतो, आणि इथे चकचकीत काळा, मंद काळा, चर पडलेला काळा असे निदान तीन असतात. शिवाय आकार. १९५ सेंटिमीटर म्हणजे दारात उभ्या राहिलेल्या माणसापेक्षा उंच. १९६६मध्ये ह्यूस्टनच्या प्रदर्शनात त्यांनी चित्रं भिंतीवर लावलीच नाहीत. छत आणि जमीन यांच्यामध्ये तारा ताणून दालनात मधोमध उभी केली. लोकांना त्यांच्यामधून वाट काढत चालावं लागे.

वर्गातली ती प्रत तुम्ही विकाल का?

नाही. सुरकुतीसकट नाही. बघायला मात्र कधीही या. फक्त डाव्या भिंतीला टेकू नका, तिथे मुलांचे काळे बोर्ड सुकत लावलेले असतात, आणि तो रंग शर्टाचा निघत नाही.